शॅनन की सिम्पसन? विविधता मोजताना कोणता निर्देशांक घ्यावा

शॅनन आणि सिम्पसन हे एखाद्या जागेतील प्रजातींची विविधता एका आकड्यात सांगणारे निर्देशांक. दोन्हींची सुरुवात एकच: प्रत्येक प्रजातीची संख्या भागिले एकूण संख्या, म्हणजे तिचा वाटा. शॅननमध्ये वाटा गुणिले त्याचा लॉगॅरिदम यांची बेरीज करून चिन्ह बदलतात. सिम्पसनमध्ये वाट्यांच्या वर्गांची बेरीज 1 मधून वजा करतात.

फरक कुठे पडतो? मोजणीसाठी आखलेल्या जमिनीच्या एका चौकटीत 100 झाडे धरा, पाच प्रजातींची: 50, 30, 18, 1, 1. शॅनन 1.11, सिम्पसन 0.63. आता एकेकटी असलेली ती दोन झाडे काढा. शॅनन 1.02 वर उतरतो, सिम्पसन जेमतेम 0.61 वर. वर्ग केल्यावर 0.01 चा 0.0001 होतो, म्हणून दुर्मीळ प्रजाती सिम्पसनला जवळपास दिसतच नाहीत. दुर्मीळ प्रजातींची काळजी असेल तर शॅननच घ्यावा. पण नमुना लहान असेल तर नेमक्या याच प्रजाती हातून सुटतात आणि शॅनन खऱ्यापेक्षा कमी येतो. तिथे सिम्पसन जास्त स्थिर.

घोळ बहुधा नोंदीत होतो. लॉगॅरिदमचा पाया 2 की नैसर्गिक (e), हे लिहिलेले नसते (वरचे आकडे नैसर्गिक पायाचे आहेत). सिम्पसनमधली वर्गांची नुसती बेरीजही, 1 मधून वजा न करता, त्याच नावाने छापतात, आणि ती तर विविधता वाढली की घटते!