सोशॉलॉजी करायचंय: कम्युनिटी कॉलेज की थेट यूसी?

सोशॉलॉजी, म्हणजे समाजशास्त्र, आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात शिकून मग ट्रान्सफर घ्यायची, की थेट यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, चार वर्षं करायचं, गेल्या वर्षी माझ्या भाचीचं हेच चालू होतं, दोन महिने डायनिंग टेबलावर दुसरा विषय नव्हता, म्हणून कॅलिफोर्नियातल्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. आधी एक, कम्युनिटी कॉलेज म्हणजे मार्क कमी पडलेल्यांसाठी, हे डोक्यातून काढून टाका.

पैशाचं बघू. इथल्या रहिवासी मुलांना कम्युनिटी कॉलेजात युनिटला (कोर्सच्या क्रेडिटला) ४६ डॉलर, तिथल्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला ६० युनिट, म्हणजे दोन वर्षांची मिळून फी २,७६० डॉलर, आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर प्रॉमिस ग्रँट या सरकारी सवलतीत तीही माफ होते. थेट यूसीत गेलं तर एका वर्षाची ट्यूशन आणि फी मिळूनच १४ हजार डॉलरच्या वर, राहणं-खाणं वेगळं.

शिकवण्यात मला तरी कम्युनिटी कॉलेज उजवं वाटलं, निदान या विषयात. भाचीच्या वर्गात शेजारी नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करून येणारी एक बाई आणि दोन मुलांचा बाप असलेला एक गृहस्थ, त्यामुळे कुटुंब आणि कामगार हे धडे आले की पुस्तक बाजूला आणि हेच लोक बोलायचे. एका असाइनमेंटसाठी ती दोन तास लाँड्रोमॅटमध्ये वही घेऊन बसली, कोण कुणाशी बोलतं, कपड्यांच्या घड्या कोण घालतं, सगळं टिपत, आणि घरी आली ती इतकी भारावलेली की जेवण गार झालं तरी बोलणं संपेना. यूसीत पहिल्या वर्षी तीन-चारशे मुलांचा लेक्चर हॉल असू शकतो. पण हॉस्टेलचं आयुष्य, चार वर्षांची मैत्री आणि प्रोफेसरांच्या रिसर्चमध्ये लवकर शिरायची संधी तिथेच जास्त, ते खरंच आहे.

ट्रान्सफर मात्र आपोआप होत नाही हां. एए-टी, म्हणजे खास ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री, घेतली तर सीएसयूमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) सीट नक्की, पण हव्या त्याच कॅम्पसला मिळेल असं नाही. यूसीचे सहा कॅम्पस टॅग करार करतात, म्हणजे अटी पुऱ्या केल्या तर ट्रान्सफरची हमी देतात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. कुठला कोर्स कुठे धरतात ते असिस्ट या ट्रान्सफरच्या माहितीच्या साइटवर पहिल्याच टर्मला बघा, नाहीतर एक सेमिस्टर फुकट जातं.

आता नोकरी. नुसत्या दोन वर्षांवर केस एड (सोशल वर्करचा मदतनीस), कम्युनिटी हेल्थ वर्कर अशी कामं मिळतात, पगार बेताचाच. बीए झालं की केस मॅनेजर, प्रोबेशन ऑफिसर, एचआर, मार्केट रिसर्च असे रस्ते उघडतात, आणि यातल्या रिसर्चवाल्या नोकऱ्यांना स्टॅटिस्टिक्स लागतंच, त्याला घाबरून दुसरा सोपा कोर्स घेऊ नका. सोशॉलॉजिस्ट म्हणून पोस्ट हवी तर बहुतेक ठिकाणी मास्टर्स किंवा पीएचडी. थेरपीकडे जायचं असेल तर एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधली मास्टर्स, आणि लायसन्ससाठी त्यानंतर ३,००० तास सुपरव्हिजनखाली काम. म्हणजे पुढे एवढं शिकायचंच असेल तर पहिली दोन वर्षं स्वस्तात काढणं मला जास्त पटतं, शेवटी बीएच्या सर्टिफिकेटवर नाव यूसी किंवा सीएसयूचंच येतं.

पुण्या-मुंबईहून एफ-१ या स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांसाठी मात्र माझं उत्तर वेगळं आहे. त्यांना बाहेरच्यांची ट्यूशन लागते, ४६ डॉलरचा हिशोब चालत नाही, आणि सोशॉलॉजी स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) धरत नाहीत म्हणून डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे इथे काम करायची परवानगी, १२ महिनेच, त्यांनी बीए भारतात करून मास्टर्सला यावं.