केशर-कमळ क्रीम घेताय? आधी हे वाचा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक बाई ‘केशर-कमळ अर्क’ असलेलं क्रीम विकते. पांढरी डबी, साडेतीनशे रुपये, वर कमळाचं चित्र आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही’. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, तिनं घेतलं. आठवडाभरात चेहरा असा उजळला की शेजारणीही डब्या मागवू लागल्या.

लग्न झालं, क्रीम संपलं आणि खरा त्रास सुरू झाला. गाल लालबुंद, उन्हात गेलं की आग, हनुवटीवर बारीक पुरळ, वर लव वाढलेली. बाईला विचारलं तर म्हणे, “आतली घाण बाहेर पडतेय गं, अजून एक डबी लाव.” लावली की दोन दिवसांत शांत! इथंच सगळी मेख आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, “बंद केलं की वाढतं आणि लावलं की बसतं, असं होतं का?” बहिणीनं मान हलवली. डॉक्टर म्हणाले, ही क्रीममध्ये मिसळलेल्या स्टिरॉइडची, म्हणजे लाली-सूज दाबणाऱ्या औषधाची, लक्षणं आहेत. फुलाचा अर्क आठवड्यात गोरं करत नाही आणि सोडल्यावर असा सूडही उगवत नाही.

आता केशराचं. एक किलो केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात, मग साडेतीनशेच्या डबीत ते येणार कुठून? क्रीमबरोबर ‘दुधात उगाळा’ म्हणून तंतूंची पुडीही मिळाली होती. आई सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीकडची, करडई पिकते त्या भागातली. चिमूटभर वाटीत टाकलं तर पाणी क्षणात भगवं झालं. तंतू बोटावर घेऊन ती म्हणाली, “अगं, ही तर करडईची फुलं!” खऱ्या केशराचा तंतू एका टोकाला तुतारीसारखा पसरट असतो आणि रंग सावकाश सोडतो.

स्टिरॉइडचा परिणाम चेहऱ्यावर दिसतो तरी. पारा मिसळलेलं क्रीम मूत्रपिंडापर्यंत पोचतं. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची, आई आणि दोन मुलींची, मूत्रपिंडं गोरेपणाच्या क्रीमनं बिघडल्याची बातमी 2023 मध्ये आली होती. तपासणी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली, क्रीममध्ये पारा सापडला.

आमच्या डबीवर ना परवाना क्रमांक होता, ना बॅच नंबर, ना घटकांची यादी, ना बनवणाऱ्याचा पत्ता. पैसे बाईच्या खासगी खात्यावर गेले, बिल नाही. परत मागितले तर उत्तर आलं, “तुमच्या स्किनला सूट झालं नाही, त्याला मी काय करू?” आणि मला ब्लॉक.

तुमच्याकडे अशी डबी असेल तर फेकू नका. थोडं क्रीम उरलेलं असू द्या, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. चेहरा आधीच लाल झाला असेल, तर मनानं दुसरं क्रीम चोळू नका, डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. बहिणीवर उपचार अजून सुरू आहेत. त्या बाईनं मात्र आता ‘गुलाब-चंदन’ काढलंय, डबी तीच.