ईटीसी इऑस कन्सोल: क्यू रेकॉर्डिंग एकदम सोपं

नाटकाच्या लाइट्ससाठी ईटीसी कंपनीचा इऑस हा लाइटिंग कन्सोल वापरतोय आणि क्यू (म्हणजे ठरलेल्या क्षणी लागणारी, नंबर दिलेली लाइट्सची मांडणी) रेकॉर्ड करणं इतकं सरळ आहे की बास, रेकॉर्ड दाबा, 5 टाका, एंटर, झालं. तालमीत दिग्दर्शकाला मध्येच एक बदल हवा असला की 5 आणि 6 च्या मध्ये 5.5 घुसवायचा, पुढचे नंबर हलत नाहीत, त्यामुळे स्टेज मॅनेजरच्या स्क्रिप्टमधले क्यू तसेच राहतात, हे मला सगळ्यात आवडलं. फक्त ट्रॅकिंग नीट समजून घ्या, म्हणजे मध्ये बदललेली लेव्हल (लाइट किती प्रखर ते) पुढच्या क्यूंमध्येही तशीच जात राहते, तिथे नवी लेव्हल येईपर्यंत. तेवढ्या एका क्यूपुरताच बदल हवा असेल तर रेकॉर्ड करताना क्यू ओन्ली हा पर्याय वापरा. नवीन प्रवेशाचा पहिला क्यू मी नेहमी ब्लॉक करतो, म्हणजे आधीचे बदल त्यात वाहत येत नाहीत.