मलबार हिलचा एलिव्हेटेड नेचर ट्रेल: २५ रुपयात जंगल

मुंबईत महापालिकेचं कौतुक करायची वेळ फार येत नाही पण हे काम खरंच मस्त झालंय. मार्च २०२५ मध्ये सुरू झालेला हा लाकडी वॉकवे साधारण ४८५ मीटरचा आहे, म्हणजे भरभर चाललात तर दहा मिनिटात संपेल, पण तसं करू नका. सिरी रोडच्या उतारावर जी झाडी अशीच दुर्लक्षित पडून होती तिच्यातनं हा रस्ता वर उचलून नेलाय, त्यामुळे फांद्या अगदी हाताशी येतात, खालची माती तुडवली जात नाही आणि पक्षी ऐकू येतात, मध्ये काचेच्या तळाचा डेक आहे तिथून चौपाटीचा समुद्र दिसतो (सगळी गर्दी सेल्फीसाठी तिथेच).

तिकीट २५ रुपये, परदेशी लोकांना १००, बुकिंग ऑनलाइन करूनच जा, विकेंडला तर नक्कीच. वेळ पहाटे ५ ते रात्री ९, सकाळी लवकरचा स्लॉट बेस्ट.

मला आवडलं ते हे की मलबार हिलसारख्या ठिकाणी, जिथे इंचाइंचाला बिल्डरचा डोळा असतो, तिथे झाडी झाडीच राहिली. एकदा रोज माणसं यायला लागली की मग कोणी गुपचूप टॉवर नाही उभा करू शकत. आता महालक्ष्मी रेसकोर्सच्या १२० एकरांवर पार्क करायचं म्हणतायत, तिथेही काँक्रीट कमीच ठेवा बाबांनो.

पाच पैकी साडेचार. आजी-आजोबांना आणताय तर दुपारचं ऊन टाळा.