कोल्हापुरात हातानं बनवलेला फझ पेडल: वापरून बघितला, लई जाळ हाय

फझ पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मधे लावायचा, पायानं चालू-बंद करायचा डबा, गिटारचा आवाज फाडून जाड करतो. आधी किंमत सांगतो कारण सगळे पहिलं तेच विचारतात. अडीच हजार रुपये, बॅटरी आपली आपण आणायची, बिल नाही, खोकं नाही, पेपरात गुंडाळून हातात देतात. लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात ॲम्प्लिफायर रिपेरीचं दुकान आहे तिथं मिळतो. काकांचं नाव टाकत नाही कारण त्यांनीच सांगितलंय नेटवर नाव नको, आधीच हातातली कामं संपेनात. गावात गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, पत्ता सांगेल.

दिसायला म्हणाल तर पत्र्याचा डबा. उद्यमनगरातनं बेंड करून आणलेला जाड पत्रा, आणि पावडर कोटिंग तिथल्याच कुठल्यातरी लॉटबरोबर उरकून घेतात, त्यामुळं त्या आठवड्यात शॉपमध्ये ज्या मशीनचा रंग चालू असेल तो तुमच्या नशिबी. मला आला पंपसेटचा हिरवा. मित्राला ट्रॅक्टरचा लाल मिळाला आणि तो उगाच भाव खातोय. वर दोन नॉब, नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडनं ब्रशनं लिहून घेतलेलं, एकावर 'आवाज' आणि दुसऱ्यावर 'जाळ'. टोनचा नॉब नाही, एलईडी नाही, ॲडॉप्टर लावायला भोकसुद्धा नाही.

आतलं सर्किट काकांनी शोधलेलं नाही आणि ते तसा दावाही करत नाहीत. १९६६ ला लंडनच्या आर्बिटरनं फझ फेस म्हणून गोल थाळीएवढा पेडल काढला, गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली असायचा तोच, त्याचंच हे सर्किट. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट, विषय संपला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पोरं याच्यापेक्षा जास्त सोल्डरिंग करतात. मग अडीच हजार कशाचे, तर त्या दोन ट्रान्झिस्टरचे. एसी१२८, जर्मेनियमचे म्हणजे सिलिकॉनच्या आधीच्या जमान्यातले, भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेले, जुन्या रेडिओतनं काढलेले. काका एकेक मीटरला लावून गेन म्हणजे सिग्नल किती पट मोठा करतो ते बघतात, लीकेज म्हणजे बंद असतानाही किती करंट झिरपतो ते बघतात, गेन पहिला सत्तर-ऐंशीच्या आसपास आणि दुसरा एकशेवीसच्या आसपास अशी जोडी जमली तरच पेडल होतो, नाहीतर ते दोघं परत औषधाच्या डबीत. त्यामुळं पुढचा पेडल कधी तयार होईल हे काकांनासुद्धा माहीत नसतं.

आता मुद्द्याचं, आवाज. गिटारचा व्हॉल्यूम फुल, जाळ फुल केला की जाड आणि फाटका आवाज येतो, नोट संपता संपता थोडी खरखरत तुटते, एवढं तर कुठलाही फझ करतो. मी पैसे दिले ते पुढच्या गोष्टीसाठी. पेडल चालूच ठेवायचा आणि गिटारचा व्हॉल्यूम सहा-सातवर आणायचा, लगेच आवाज स्वच्छ होतो, पण मेलेला नाही, हलकं मारलं तर नितळ आणि जोरात मारलं तर नुसती कडा फाटते. म्हणजे पायानं काही करायचंच नाही, सगळं उजव्या हातात आणि करंगळीत. माझ्या मल्टी-इफेक्टमध्ये पण फझ आहे, तिथं व्हॉल्यूम कमी केला की आवाज बारीक होतो फक्त, स्वभाव तोच राहतो. या डब्याचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा, इतका कमी आहे की गिटारचा पिकअप आणि व्हॉल्यूम पॉट त्या सर्किटचाच भाग होऊन बसतात, म्हणून हे होतं. आणि म्हणूनच हा पेडल गिटारच्या लगेच पुढं लावायचा. मधे वायरलेस, बफर असलं काही घातलं की आवाज पत्र्यासारखा चिरका येतो आणि मग लोक येऊन काकांना शिव्या घालतात.

काकांकडं जायचं तर वेळ काढून जावा. ते टेस्ट करायला बसवतात आणि बोलत सुटतात, आणि त्यांचं बोलणं पेडलइतकंच ऐकण्यासारखं आहे. त्यांनी सुरुवात गिटारसाठी केलीच नव्हती. मिरवणुकीतल्या बँजो पार्टीसाठी प्रीॲम्प बनवायचे. बँजोला पिकअप लावायचा, प्रीॲम्पमधनं ढकलायचा आणि पुढं गाडीवर भोंगे, आणि बँजोवाल्यांची मागणी एकच, अजून मोठा करा काका. गेन वाढवत वाढवत गेले, एका टप्प्याला सिग्नलची डोकी छाटली जायला लागली आणि आवाज फाटला. काकांना वाटलं काम बिघडलं, तर पार्टीवाला म्हणाला आता बरोबर आलाय, हात लावू नका! पुढं त्याच मिरवणुकीत एका ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्यानं तो आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन दुकानात हजर, मला पण तसला डबा पाहिजे.

हे ऐकताना मला अमेरिकेतल्या मेम्फिसची एक गोष्ट आठवत होती. १९५१ ला आईक टर्नरच्या बँडची पोरं मिसिसिपीतनं रेकॉर्डिंगला निघाली, वाटेत गिटारच्या ॲम्पचं वाटोळं झालं, कोण म्हणतं गाडीवरनं पडला कोण म्हणतं पावसात भिजला, मग स्टुडिओत फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून तसाच वाजवला. विली किझार्ट त्या गिटारवाल्याचं नाव. स्टुडिओवाल्या सॅम फिलिप्सनं तो फाटका आवाज तसाच रेकॉर्ड केला आणि आज लोक डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाचा, इतिहास तिथनं सांगायला लागतात. पहिला विकत मिळणारा फझ पेडल, माएस्ट्रोचा, तो १९६२ चा, आणि त्याच्यामागं पण नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या मिक्सरचा एक बिघडलेला चॅनलच होता. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग त्यांची पण बँजो पार्टीच म्हण की."

तो ऑर्केस्ट्रावाला गिटारिस्ट आता साठीच्या पुढं आहे, मंगळवार पेठेत राहतो, दुकानात येऊन-जाऊन असतो. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. कोल्हापुरात ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते संगीत, कोण वाजवतं असं विचारलं तर माझ्या मते तोच, बाकी आम्ही सगळे क्लिपा बघून शिकलेले. आयुष्यभर लग्नात आणि गणपतीत फिल्मी गाणी वाजवली, आणि प्रोग्राम संपल्यावर रात्री दीड-दोनला सामान टेम्पोत भरेपर्यंत जो वेळ मिळायचा त्यात स्वतःसाठी ब्लूज. कॅसेटवरनं शिकला. अवघड जागा आली की टेपच्या चाकावर बोट टेकवून स्पीड कमी करायचा, त्यानं पट्टी पण खाली जायची, मग ती मनात वर घ्यायची. नोटेशन त्याचं सगळं सरगमचं. मला एकदा बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं, शिकवताना अमेरिकन ब्लूजवाल्या बी. बी. किंगचा दाखला देऊन म्हणाला, "बी. बी. किंगचा ग ऐक. कोमल न्हाई, शुद्ध बी न्हाई, मधेच टांगून ठेवलाय. आणि तू काय करालाईस, सरळ शुद्धवर नेऊन आपटालाईस." त्यानंतर मी बेंड करताना ट्यूनर बघणं सोडलं.

त्याच्या गिटारचा नट आणि ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती दोन टोकं, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घासून घेतलेला आहे. तिथल्या कारागिरानं विचारलं म्हणे, जवारी उघडी ठेवू का बंद? जवारी म्हणजे सतारीच्या तारेची ती झणझण, गिटारला असलं काही नसतं हे सांगायच्या ऐवजी हा म्हणाला थोडी उघडी ठेवा. आता त्याच्या खालच्या तारा जरा झणझणतात आणि हा हिरवा डबा मधे घातला की ती झणझण अशी काही फुलते की आपल्या गिटारवर ते येतच नाही, मी बरंच डोकं लावलं. पोरं त्याच्यासमोर बाहेरच्या पेडलांची नावं घेत बसतात, हा ऐकतो आणि चहा मागवतो. आमच्यातले काहीजण महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन मेहबूब स्टुडिओतलं महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल करून आलेत, २०११ ला पहिल्याच वर्षी अमेरिकन ब्लूजवाला बडी गाय आलेला तेच. दादा अजून गेलेला नाही, त्या दिवसांत लग्नाच्या तारखा असतात म्हणतो.

बरं आता तक्रारी, कारण आहेत.

उन्हाळ्यात हा पेडल आजारी पडतो. जर्मेनियमचा स्वभावच तो, तापमान दहा-एक अंश वाढलं की लीकेज साधारण दुप्पट होतं आणि बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजवर बसवलेला असतो तो, सरकतो. मे महिन्यात दुपारी मांडवात साउंडचेक केलं तर आवाज गुदमरल्यासारखा, आणि संध्याकाळी वारं सुटल्यावर तोच पेडल एक नंबर. काकांनी आत एक छोटा प्रीसेट ठेवलाय, डब्याच्या बाजूला भोक आहे त्यातनं बारीक स्क्रूड्रायव्हर घालून फिरवायचा, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास आलं की झालं. मीटर नसेल तर कानानं. थंडीत या पेडलला तोड नाही, पण फक्त उन्हाळी प्रोग्राम करत असाल तर सिलिकॉनवाला घ्या, काका बीसी१०८ टाकून पण देतात, तो जरा टोकदार वाजतो आणि व्हॉल्यूम कमी केल्यावर एवढा साफ होत नाही पण ऊन त्याला बाधत नाही.

ॲडॉप्टरचं भोक का नाही यावर मी वाद घातला. तर हे ट्रान्झिस्टर पीएनपी आहेत आणि सर्किट पॉझिटिव्ह ग्राउंड आहे, म्हणजे बाकीच्या पेडलच्या उलटं, त्यामुळं बाकीच्या पेडलबरोबर एकाच सप्लायच्या माळेत लावला की सप्लाय शॉर्ट. ती कटकट नको म्हणून काकांनी भोकच ठेवलं नाही. बॅटरी साधी झिंक-कार्बनची नऊ व्होल्टची घ्या, महागडी अल्कलाइन नको, याला मरगळलेली बॅटरीच गोड लागते. खायला पण काही खात नाही, चिक्कार दिवस जाते. फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढायची, त्या जॅकमध्येच ऑन-ऑफ आहे, केबल तशीच राहिली की बॅटरी उगाच जळत राहते.

एलईडी नसल्याचा स्टेजवर त्रास होतो. पेडल चालू आहे हे हमवरनं, म्हणजे स्पीकरच्या घूं आवाजावरनं, कळतं, आणि आपल्याकडं मांडवात अर्थिंगची जी बोंब असते त्यात हम म्हणजे काय विचारू नका, गिटारला सिंगल कॉइल पिकअप असेल तर डिमरच्या लाइटपासनं लांब उभं राहा. माझ्या पेडलला स्विच दाबताना स्पीकरमधनं ठाप्पकन आवाज यायचा. परत नेला, काकांनी एक मेगओमचा रेझिस्टर टाकून दिला, पैसे घेतले नाहीत, वर "घाईत राहिला रं" एवढंच. ही सर्व्हिस मला कुरिअरनं येणाऱ्या पेडलला कुठनं मिळणार?

घ्यावा का? मेटल वाजवत असाल तर अजिबात नको, पाम म्यूट केलं, म्हणजे तळहात तारांवर टेकवून वाजवलं, की सगळा चिखल होतो. आवाज घट्ट आणि शिस्तीत पाहिजे असेल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे जरा सौम्य फाटणारा पेडल, घ्या, काका टेबलावर ४५५८ चिपवाला, आयबानेझच्या हिरव्या ट्यूब स्क्रीमर पेडलच्या घराण्यातला पण बनवतात, चांगला आहे, पण तसले बाजारात पन्नास मिळतील. गिटारच्या व्हॉल्यूम नॉबला आजपर्यंत कधी हात लावला नसेल तर हा पेडल तुम्हाला पहिला आठवडा डोकेदुखी देईल. ब्लूज वाजवायचा नाद असेल तर मात्र डोळे झाकून घ्या.

श्रावण लागला की जाऊ नका. गणपतीपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडं बँजोचे प्रीॲम्प आणि साउंडवाल्यांचे ॲम्प्लिफायर उघडून पडलेले, पेडलचं नाव काढलं की दसऱ्यानंतर ये म्हणतात. जाताना स्वतःची गिटार न्या, काका दुसऱ्याच्या गिटारवर पेडल सेट करून देत नाहीत. आणि घरात आजोबांचा मर्फी-बुश असला जुना रेडिओ माळ्यावर पडला असेल तर बरोबर घेऊन जावा, व्हॉल्व्हचा नको, ट्रान्झिस्टरचा. आत एसी१२८ ची चांगली जोडी निघाली तर पाचशे कमी करतात, आणि रेडिओचं लाकडी खोकं परत देतात.