‘फिल्टर नको, पाणी बदलणे नको’ : ठाण्यात घेतलेल्या एका तयार बाऊलचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मासुंदा तलावाभोवतीचे त्यांचे रोजचे फिरणे काही महिन्यांसाठी बंद पडले. पाचपाखाडीतल्या घरात दिवसभर खुर्चीत बसून राहणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर काहीतरी जिवंत असावे, एवढ्याच हेतूने मी ठाणे स्थानकापासून पायी जाता येईल अशा अंतरावरील एका अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात गेले. दुकानाच्या दर्शनी भागात काचेचा एक गोल बाऊल ठेवलेला होता. त्याच्या तळाशी काळी माती होती, त्यात हिरवी आणि जांभळी पाने डोलत होती, चार-सहा मासे फिरत होते आणि पाणी अगदी नितळ होते. पुढे पाटी होती : ‘फिल्टर नाही. पाणी बदलणे नाही. ८ महिने चालू.’

“खरंच आठ महिने पाणी बदललेलं नाही?” मी विचारले.

“एक थेंबसुद्धा नाही, ताई. झाडंच सगळं साफ करतात. तुम्ही फक्त बघत बसायचं,” दुकानदार म्हणाले.

त्यांचे हे बोलणे सपशेल खोटे असते, तर मी कदाचित फसले नसते. फिल्टरशिवाय झाडांच्या आधारावर चालणारा बाऊल ही खरोखर शक्य असलेली गोष्ट आहे. जगभर अनेक जण वर्षानुवर्षे तसे बाऊल सांभाळतात आणि मी त्याविषयी थोडेफार वाचलेही होते. जी गोष्ट खरी आहे असे मला आधीच ठाऊक होते, तिच्याच नावाखाली मला भलतेच काही विकले जात आहे, ही शंका म्हणूनच माझ्या मनात आली नाही. हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे मुख्य कारणही तेच आहे.

एकूण ६,५०० रुपये मी भरले. त्यात १२ इंची बाऊलचे १,२००, ‘इम्पोर्टेड सॉइल’ म्हणून दिलेल्या ३ किलो काळ्या दाण्यांचे १,३५०, सहा ‘पाणवनस्पतीं’चे १,८००, ‘जिवंत बॅक्टेरिया’च्या एका बाटलीचे ६५०, चार रंगीत टेट्रा माशांचे ६००, गोल्डफिशच्या जोडीचे ४०० आणि घरी येऊन मांडणी करून देण्याचे ५०० रुपये होते. पावती म्हणून एका कोऱ्या चिठ्ठीवर फक्त एकूण रक्कम लिहून मिळाली. मी पक्के बिल मागितले, तेव्हा “जिवंत मालाचं बिल नसतं, ताई,” असे उत्तर आले आणि मी ते मान्य केले.

शनिवारी संध्याकाळी दुकानातला मुलगा घरी आला. त्याने दाणे पसरले, झाडे खोचली, स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी थेट भरले, बाटलीतले दोन झाकण द्रव ओतले आणि दहा मिनिटांत सहाही मासे आत सोडले. ११ लिटर पाण्यात दोन गोल्डफिश दाटीत राहणार नाहीत का, असे वडिलांनी विचारले. त्यावर “मोठे झाले तर समोर तलावात सोडून द्या, काका,” असे तो सहज म्हणाला. गोल्डफिश नीट वाढला तर २० सेंटीमीटरच्याही पुढे जातो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे तो या भांड्यासाठी नाहीच. आणि असे परके मासे तलावात सोडले तर ते तिथल्या मूळ माशांच्या अन्नावर आणि अंड्यांवर ताव मारतात. आपल्या शहराच्या तलावांविषयी इतक्या सहजपणे दिलेला हा सल्ला मला आजही फसवणुकीइतकाच खुपतो.

सोमवारी पाणी दूध मिसळल्यासारखे धुरकट झाले. मी फोन केला, तेव्हा हे ठीक आहे, मात्र पाणी अजिबात बदलू नका, बदलले तर आतली व्यवस्था मोडेल, असे मला सांगण्यात आले. बुधवारी मासे वर येऊन सतत तोंडाची उघडझाप करू लागले. शनिवारी सकाळी एक गोल्डफिश मेलेला आढळला. आता मी जास्त खाणे घातल्याचे कारण पुढे आले आणि ४५० रुपयांची दुसरी बाटली मला देण्यात आली. बाराव्या दिवसापर्यंत एकही मासा उरला नाही. वडील त्या दिवसांत माझ्याशी फारसे बोलत नसत. खुर्ची बाऊलपासून जरा वळवून बसत.

या प्रकरणाचा पहिला धागा त्यांनीच पकडला. ते कृषी खात्यातून निवृत्त झालेले आहेत. मासे न उरलेल्या बाऊलमधून झाडे उपसून त्यांनी वर्तमानपत्रावर मांडली आणि मला हाक मारली.

“अगं, ही जांभळी पानं बघ. हे हेमिग्राफिस आहे, आपल्या सोसायटीच्या वाटेच्या कडेला लावलंय तेच. ही पीस लिली, आणि हा लकी बांबू. यातलं एकही पाण्याखाली राहणारं झाड नाही.”

मुळांना कुंडीतली लाल माती अजून चिकटलेली होती. त्यांनी पुढे समजावून सांगितले ते असे : जमिनीवरच्या झाडाच्या पानावर मेणासारखा थर असतो आणि त्याची रंध्रे हवेतून वायू घेण्यासाठी घडलेली असतात. असे झाड पूर्ण पाण्याखाली बुडवले, तर ते साठवलेल्या अन्नावर काही आठवडे हिरवे दिसते आणि नंतर कुजू लागते. लकी बांबूची मुळे पाण्यात आणि पाने हवेत असली तर तो खुशाल जगतो, पाने बुडाली तर सडतो. म्हणजे पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी म्हणून ज्यांचे १,८०० रुपये घेतले गेले, ती झाडे स्वतःच कुजून पाणी नासवणारी होती. दुकानात झाड पाण्यातून वर काढून दाखवायला सांगणे ही त्यावरची सोपी परीक्षा आहे. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट यांसारख्या खऱ्या पाणवनस्पती हवेत येताच ओल्या धाग्यासारख्या लुळ्या पडतात, कारण त्यांना पाण्याच्या आधाराची सवय असते. अनुबियस हा मात्र अपवाद आहे. त्याची पाने ताठ असूनही तो पाण्याखाली उत्तम जगतो, फक्त त्याचा आडवा जाड कंद मातीत पुरायचा नसतो.

नेरुळला राहणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्यांकडे बरीच वर्षे फिशटँक आहेत. ते पाणी तपासण्याचे थेंब घेऊन आले. बाऊलमधले पाणी नळीत घेऊन त्यात ते टाकायचे : पिवळा रंग राहिला तर अमोनिया, म्हणजे घाणीतून तयार होणारे विष, नाही, आणि हिरवा जितका गडद तितका अमोनिया जास्त. आमच्या नळीत गडद हिरवा रंग आला; तक्त्यावर तो ४ पीपीएमशी (दहा लाख भागांत ४ भाग) जुळत होता, आणि माशांसाठी हा आकडा शून्य असायला हवा. मग त्यांनी त्या महागड्या सॉइलचे चार दाणे वाटीत घेऊन त्यांवर व्हिनेगर ओतले. दाण्यांवर लगेच बुडबुडे उठले आणि काळा रंग सुटून व्हिनेगर राखाडी झाले. ती माती नव्हतीच. संगमरवराची बारीक खडी काळी रंगवलेली होती. अशी खडी पाण्यात हळूहळू विरघळून पाणी अधिक अल्कधर्मी करते, आणि पाणी जितके अल्कधर्मी व उबदार, तितका त्यातला अमोनियाचा विषारी भाग मोठा होतो. म्हणून आमच्या बाऊलमध्ये मासे नुसते मेले नाहीत. तळाच्या खडीने त्या विषाची धार आणखी वाढवली होती.

बाटलीवर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, तयार केल्याची किंवा मुदत संपण्याची तारीख, यांपैकी काहीही नव्हते. टेट्रांविषयी सहकाऱ्यांनी सांगितले ते ऐकून तर मन विषण्ण झाले. विडो टेट्रा हा मुळात रुपेरी-करडा, अंगावर काळे पट्टे असलेला मासा आहे. गुलाबी, निळे आणि हिरवे म्हणून जे विकले जातात त्यांतल्या अनेकांना कृत्रिम रंग दिलेला असतो. तो रंग काही महिन्यांत उतरतो आणि रंगवण्याच्या त्रासात मासा अशक्त होतो. ते मासे इतके सुंदर कसे, याचे कौतुक मी पहिल्या दिवशी वडिलांपाशी केले होते.

मूळ लबाडी कुठे होती, हे समजण्यासाठी फिल्टरशिवायचा बाऊल कसा चालतो ते समजून घ्यावे लागते. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि कुजणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच असते, आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात माशांना सोसते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते वाळूच्या कणांवर, पानांवर आणि काचेवर वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. जोमाने वाढणाऱ्या पाणवनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात, म्हणून फिल्टर नसला तरी भागते. पण त्यासाठी झाडे आधी रुजावी लागतात आणि जीव अगदी मोजके ठेवावे लागतात. मासे पहिल्याच संध्याकाळी हवे असतील तर हा बाऊल होऊ शकत नाही, एवढे एक वाक्य प्रामाणिक विक्रेत्याने मला सांगायला हवे होते. मी थांबले असते. वडिलांना तर लावलेले रोप रुजण्याची वाट पाहायची आयुष्यभराची सवय आहे.

पैशांसाठी मी पुन्हा दुकानात गेले, तेव्हा पावती कुठे आहे, असा प्रश्न मलाच विचारण्यात आला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. तसेच सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित व्यापार प्रथाच आहे. मला हे उशिरा कळले, तरी ३० दिवस उलटलेले नव्हते. यूपीआयने दिलेल्या रकमेची नोंद, दुकानदारांशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण, नळीतल्या हिरव्या रंगाचा आणि व्हिनेगरमधल्या खडीचा फोटो, एवढे जमवून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. सुरुवातीला “दोन नवे गोल्डफिश फुकट घेऊन जा,” असा प्रस्ताव आला. मी तो नाकारला. तक्रारीचा पाठपुरावा चालू राहिल्यावर सॉइल, झाडे आणि पहिली बाटली यांचे मिळून ३,८०० रुपये मला परत मिळाले. ते मिळाले नसते, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग खुला होता. तिथे ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

बाऊल आम्ही टाकून दिला नाही. सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून वडिलांनी खत न घातलेली बागेतली माती चाळून तिचा एक इंच थर दिला, त्यावर धुतलेल्या वाळूचा एक इंच थर दिला आणि त्यात व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरीन, हायड्रिला आणि जावा मॉस लावले. सगळ्या झाडांना मिळून ४०० रुपयेसुद्धा लागले नाहीत. नळाचे पाणी अँटीक्लोरीन घालूनच भरले, कारण पिण्याच्या पाण्यातले क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि जिवाणूंना दोघांनाही घातक असते. पहिल्या महिन्यात दर तीन-चार दिवसांनी थोडे पाणी बदलले, आणि आजही दर आठवड्याला दोन लिटर बदलतो. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले. तरीही मासे आणले नाहीत. एवढ्या पाण्यात आम्ही झाडांबरोबर आलेल्या लहान गोगलगायी आणि थंडी सुरू झाल्यावर आणलेल्या सहा चेरी श्रिंप (इवल्याशा कोळंब्या) एवढेच जीव ठेवले आहेत. वडिलांनी खुर्ची पुन्हा सरळ केली आहे.

डिसेंबरमध्ये एका गुरुवारी मला कार्यालयात लवकर पोहोचायचे होते, म्हणून साडेसातच्या सुमारास मी त्याच रस्त्याने स्थानकाकडे निघाले. दुकानाचे शटर अर्धे वर होते. पायरीवर तो दर्शनी बाऊल आडवा ठेवलेला होता आणि आमच्या घरी आलेला मुलगा पाइपच्या धारेने तो आतून घासून धुत होता. बाजूच्या बादलीत जांभळी पाने भिजत होती, दुसऱ्या बादलीत मासे होते. धुतलेली काळी खडी त्याने परत आत ओतली, झाडांची पिवळी पडलेली पाने खुडून ती खोचली, नळाचे पाणी भरले आणि बाऊल उचलून जागेवर ठेवला. मग पाटी पुसून त्याने ती बाऊलसमोर उभी केली. तिच्यावर आता ‘१ वर्ष चालू’ असे लिहिलेले होते.