पत्र्याच्या शेडचा शिलाई स्टुडिओ, काम आवडलं

शेडच्या आतलं सगळं फिनिशिंग एकाच कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतलं. बेस्ट म्हणजे क्लोज्ड सेल स्प्रे फोम (फवारल्यावर फुगून कडक होणारा, बंद बुडबुड्यांचा फोम), पत्र्याला थेट चिकटतो त्यामुळे दमट हवा गार पत्र्यापर्यंत पोचतच नाही, आधी छतावरून थेंब पडून कापडावर डाग पडायचे ना, ते बंद झालं, जीव भांड्यात पडला! फोम उघडा ठेवायचा नसतो, आग लागली तर धोका, म्हणून वर जिप्सम बोर्ड आणि त्यावर प्लायवूड, आता दोऱ्यांचे रॅक कुठेही ठोका. लाइट ९० च्या वर सीआरआयचेच घ्या (सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप). इस्त्रीचं वेगळं सर्किट मात्र मागे लागून करून घ्यावं लागलं, त्यांनी आधी मशीनच्याच लाइनवर दिलं होतं.